भोग, परीक्षा आणि वधस्तंभ

‘भोग’ हा आपल्या भाषेतला मोठा विलक्षण शब्द आहे. सुखाचा उपभोग तोही भोग आणि नशिबी आलेले दुःख तेही भोगच. एखाद्याच्या घरावर आपत्ती कोसळली, की आपण सहज म्हणून जातो, ‘भोग आहेत बिचाऱ्याचे!’ या उद्गारात दया असते, हे मी नाकारीत नाही. पण त्या दयेच्या पोटात एक निकालही दडलेला असतो. जे वाट्याला आले ते कुठल्यातरी कर्माचे देणे होते आणि ते फेडणे भागच होते, असा तो निकाल. ज्याच्यावर प्रसंग गुदरला आहे त्याला तो स्पष्ट ऐकू येतो. बोलणाऱ्याला मात्र ऐकू येत नाही.

मी ख्रिस्ती घरात वाढले. संचित, प्रारब्ध, पूर्वजन्म हे शब्द आमच्या घरच्या प्रार्थनेत नव्हते. म्हणून आमच्याकडे असे निकाल दिले जात नाहीत, असे मात्र कुणी समजू नये. आमच्याकडे त्यांची नावे निराळी आहेत. कुणी त्याला ‘परीक्षा’ म्हणतो, कुणी ‘शिक्षा’, कुणी ‘देवाची योजना’. दुःख आणि श्रद्धा यांविषयी चार शब्द लिहावेत असे वाटले, ते हे दोन्ही प्रकारचे निकाल मी एकाच आठवड्यात ऐकले म्हणून. विषय मोठा आहे आणि माझा अधिकार लहान आहे. तेव्हा गुरुजनांनी व मित्रमैत्रिणींनी हे एका विद्यार्थिनीचे प्रांजळ मत म्हणून वाचावे, एवढीच विनंती.

२०२१ सालचा एप्रिल महिना. करोनाची दुसरी लाट ऐन भरात होती. त्या वर्षी दहावीची परीक्षा रद्द झाली आणि ज्या आठवड्यात ती बातमी आली, त्याच आठवड्यात माझे वडील गेले. खाट मिळवण्यात दोन दिवस गेले होते. ती मिळाली आणि चौथ्या दिवशी पहाटे फोन आला. आई आणि धाकटा भाऊ तापाने अंथरुणाला खिळलेले. आमच्या पाळकांचे सारे घर आजारी. नातेवाईक गावोगाव अडकलेले. कबरस्तानात घरचे माणूस म्हणून मी एकटी उभी होते आणि समोर प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला देह होता. अंगभर पांढरा पोशाख चढवलेले चार तरुण तो उचलायला आले होते. त्यांचे चेहरेही मला दिसले नाहीत. त्यांची नावे मला आजही ठाऊक नाहीत.

देह खाली उतरवण्यापूर्वी त्यांतला एक म्हणाला, “ताई, तुमच्यात या वेळी काही म्हणतात ना? म्हणा तुम्ही.” मी प्रभूची प्रार्थना म्हणू लागले आणि मधेच विसरले. बोलायला शिकल्यापासून रोज रात्री म्हटलेली प्रार्थना, पण पुढची ओळ काही केल्या आठवेना! तो म्हणाला, “सावकाश, ताई. आम्हाला घाई नाही.” त्या दिवशी त्यांच्या वाट्याचे आणखी किती खड्डे बाकी होते, देव जाणे. पण ते चौघे माना खाली घालून भर उन्हात उभे राहिले. शेवटी प्रार्थना पुरी झाली.

नंतरच्या आठवड्यात माणसे फोनवरून, खिडकीतून, दारापासून चार हात लांब उभी राहून बोलून गेली. शेजारच्या आजी डोळ्यांना पदर लावून म्हणाल्या, “भोग असतात, पोरी. चुकत नाहीत कुणाला.” आमच्या मंडळीतले एक वडीलधारे गृहस्थ म्हणाले, “देव ज्यांच्यावर प्रीती करतो त्यांचीच परीक्षा घेतो.” आणखी एक मावशी म्हणाल्या, “देवाला त्यांची गरज होती.” माझ्या नऊ वर्षांच्या भावाने ते ऐकले आणि रात्री मला विचारले, “देवाला इतकी माणसे आहेत. त्याला आपलेच पप्पा कशाला लागत होते?” मला उत्तर देता आले नाही.

ही सगळी माणसे भली होती, हे मला पक्के ठाऊक आहे. आजींनी आम्हाला पंधरा दिवस दूध आणून दिले. पण त्या दिवसांत मला एक गोष्ट जाणवली. हिंदू आजींचे उत्तर आणि ख्रिस्ती गृहस्थांचे उत्तर वरवर निराळे असले, तरी दोन्हींचे काम एकच होते. दोघांनाही हिशेब जुळवायचा होता. जे घडले ते उगीच घडले नाही, त्यामागे कारण आहे, एवढे सिद्ध झाले की ऐकणाऱ्याचे नव्हे, पण बोलणाऱ्याचे मन शांत होते. मग मी बायबल पुन्हा वाचायला घेतले, ते काहीसे भांडणाच्या भूमिकेतून. आणि मला आश्चर्य वाटले, कारण ज्या ग्रंथाच्या नावाने हे निकाल दिले जातात, तो ग्रंथच त्यांच्याविरुद्ध उभा आहे.

ईयोबाची कथा अनेकांना ठाऊक असेल. सरळमार्गी, संपन्न गृहस्थ. एका दिवसात त्याची गुरेढोरे जातात, मुलेबाळे जातात. पुढे अंगभर फोड येतात. त्याला भेटायला तीन मित्र येतात आणि त्याची अवस्था पाहून सात दिवस व सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर बसून राहतात, एक शब्दही न बोलता. माझ्या मते त्या तिघांनी साऱ्या ग्रंथात केलेले सर्वांत चांगले काम हेच. आठव्या दिवसापासून ते बोलू लागतात आणि बिघाड होतो. तू पाप केले असशील, तुझ्या मुलांनी केले असेल, देव अन्याय करीत नाही, असे ते परोपरीने पटवू पाहतात. त्यांचे बोलणे मोठे धार्मिक आहे. उलट ईयोब देवाला जाब विचारतो, आपल्या जन्मदिवसाला शाप देतो. पण कथेच्या शेवटी देव रागावतो तो ईयोबावर नव्हे, या तीन मित्रांवर! देवाची बाजू मांडणारे चुकले आणि देवाशी भांडणारा बरोबर ठरला. हे पान ज्यांनी आपल्या पवित्र शास्त्रात जपून ठेवले, त्यांच्या प्रामाणिकपणाचे मला कौतुक वाटते.

येशूच्या काळी यरुशलेमेत शिलोह येथील बुरूज कोसळून अठरा माणसे दगावली होती. लूकच्या शुभवर्तमानात येशू स्वतःच तो प्रसंग काढतो आणि विचारतो, ती अठरा माणसे इतरांहून अधिक अपराधी होती असे तुम्हाला वाटते काय? आणि स्वतःच उत्तर देतो, की तसे नाही. हे वाचताना मला मंगळवेढ्याची आठवण झाल्यावाचून राहिली नाही. तेथे गावकुसाचे काम चालू असताना भिंत कोसळली आणि तिच्याखाली इतर मजुरांबरोबर संत चोखामेळाही गेले. साल १३३८ असे सांगितले जाते. विठ्ठलाचे नाव अखंड मुखी असणारा हा भक्त कुठल्या पापाचे फळ म्हणून ढिगाऱ्याखाली सापडला? वारकरी परंपरेने असला हिशेब मांडलाच नाही. नामदेव मंगळवेढ्यास गेले, अस्थी शोधल्या आणि पंढरीत महाद्वारासमोर समाधी बांधली, अशी कथा तिने जतन केली. म्हणजे कारण शोधण्यापेक्षा माणूस शोधणे तिला मोलाचे वाटले.

योहानाच्या शुभवर्तमानात तर हा प्रश्न अगदी उघड विचारलेला आहे. वाटेवर एक जन्मांध मनुष्य दिसतो आणि शिष्य विचारतात, पाप कुणाचे, याचे की याच्या आईबापांचे? येशू दोन्ही नाकारतो, जमिनीवर थुंकून चिखल करतो, त्याच्या डोळ्यांना लावतो आणि त्याला तळ्यावर धुवायला पाठवतो. शिष्यांची दृष्टी मागे वळलेली आहे, हे का झाले याकडे. येशूची दृष्टी पुढे आहे, आता काय करायचे याकडे. ख्रिस्ती श्रद्धा दुःखाला अर्थ देते असे म्हणतात, ते मला या एका प्रसंगावरून थोडेफार समजले. हा अर्थ दुःखाच्या मागे कुठे दडून बसलेला नसतो. तो पुढच्या वाटेवर, माणसांच्या हातांनी, हळूहळू घडवावा लागतो.

ही गोष्ट माझ्यापुरती केवळ तात्त्विक नाही. आमचे घराणे मूळचे अहमदनगर जिल्ह्यातले, म्हणजे आजच्या अहिल्यानगरमधले. तेथे अमेरिकन मराठी मिशनचे काम १८३१ पासून सुरू होते आणि १८७६-७७ च्या मोठ्या दुष्काळानंतरच्या वर्षांत गावकुसाबाहेरची पुष्कळ कुटुंबे ख्रिस्ती झाली. आमचे पूर्वज त्यांतलेच. ‘भाकरीसाठी बाटलेले’ हा टोमणा मी शाळेत असताना ऐकला आहे आणि त्या वेळी मान खाली घातली आहे. आज घालणार नाही. भुकेल्याला भाकर मिळाली यात लाजण्यासारखे ते काय? पण केवळ भाकरीचा तो प्रश्न नव्हता. पिढ्यान् पिढ्या ज्यांना सांगण्यात आले होते, की तुमचा जन्म, तुमची अस्पृश्यता, तुमचे हाल हे तुमच्याच मागच्या पापाचे फळ आहे, त्यांना कुणीतरी प्रथमच सांगितले, की हे तुमचे पाप नव्हे. दुःखाचे स्पष्टीकरण हीच ज्यांच्या पायातली बेडी होती, त्यांना ते स्पष्टीकरण नाकारणारा प्रभू जवळचा वाटला, यात नवल नाही. तेव्हा त्याच प्रभूच्या नावाने आम्ही एखाद्या विधवेला ‘ही तुझी परीक्षा आहे’ असे सांगू लागलो, तर आम्ही आमच्या पणजोबांची बेडी दुसऱ्या कुणाच्या पायात अडकवीत आहोत, हे आम्ही ध्यानात घ्यावे.

या संदर्भात पंडिता रमाबाईंचे चरित्र मला पुन्हा पुन्हा वाचावेसे वाटते. आपण त्यांना विदुषी म्हणून, स्त्रीशिक्षणाच्या पुरस्कर्त्या म्हणून ओळखतो. पण त्यांच्या आयुष्यातील मृत्यूंची मालिका पाहिली, की मन थिजून जाते. १८७४ च्या दुष्काळात काही महिन्यांच्या आत वडील, आई आणि थोरली बहीण गेली. आईचे प्रेत उचलायला पुरेशी माणसे मिळेनात. तेव्हा भावाबरोबर त्यांनाही पुढे व्हावे लागले आणि उंची कमी पडल्यामुळे आपल्या बाजूचा भार डोक्यावर घ्यावा लागला, अशी त्यांची आठवण आहे. १८८० मध्ये भाऊ गेला. १८८२ मध्ये पती बिपिनबिहारी मेधावी पटकीने गेले. पदरी लहानगी मनोरमा. त्या वेळी रमाबाईंचे वय तेवीस वर्षांचे होते. कबरस्तानातला तो दिवस मला आठवतो, तेव्हा डोक्यावर आईचे ओझे घेतलेली ती सोळा वर्षांची मुलगी माझ्या शेजारी उभी आहे, असे मला वाटते.

रमाबाई ख्रिस्ती झाल्या त्या १८८३ मध्ये, इंग्लंडमध्ये. त्यांना दुःखाचे कुणी समाधानकारक शास्त्र सांगितले म्हणून त्या तिकडे वळल्या असे दिसत नाही. लंडनजवळ फुलहॅम येथे समाजाने टाकून दिलेल्या स्त्रियांसाठी सिस्टर्सनी चालवलेले आश्रयगृह त्यांनी पाहिले आणि अशा स्त्रियांना कुणी मायेने जवळ करू शकते, याचे त्यांना नवल वाटले. त्यामागची प्रेरणा काय, हे विचारता विचारता त्यांना ख्रिस्त भेटला. पुढे १८९६-९७ च्या दुष्काळात त्या स्वतः मध्य प्रांतात गेल्या आणि सुमारे तीनशे अनाथ मुली व विधवा यांना घेऊन आल्या. केडगावचे मुक्तिसदन त्यातूनच वाढले. लहानपणीच्या दुष्काळाचा ‘अर्थ’ त्यांना कुणी समजावून दिला नाही. दुसऱ्या दुष्काळात दुसऱ्यांच्या मुली उचलताना तो त्यांच्या हातून घडला. आणि त्यानंतरही त्यांना सूट मिळाली नाही. १९२१ च्या जुलैत मनोरमाही गेली आणि १९२२ च्या एप्रिलमध्ये रमाबाईंनी देह ठेवला. श्रद्धा म्हणजे दुःखाविरुद्धचा विमा, असे ज्यांना वाटते त्यांनी ही दोन सालेही वाचावीत.

येथे एक आक्षेप संभवतो. दुःख माणसाला घडवते, मग ते देवाने मुद्दाम पाठवले असे म्हणायला काय हरकत आहे? वेल्लोरला कुष्ठरोग्यांवर उपचार करणारे डॉ. पॉल ब्रँड यांनी दाखवून दिले, की कुष्ठरोग्यांची बोटे झडतात ती मुख्यतः वेदना नाहीशी झाल्यामुळे. चटका जाणवत नाही म्हणून हात भाजतो, खडा टोचत नाही म्हणून पायाला जखम होते. तेव्हा वेदना ही देणगी आहे, असे ते म्हणत. शरीराच्या वेदनेपुरते हे मला मान्य आहे. पण चटका बोटाला वाचवतो. बापाचा मृत्यू नऊ वर्षांच्या मुलाला कशापासून वाचवतो? माझ्या दुःखाने मला काही शिकवले, असे मी स्वतः म्हणू शकते. तेच वाक्य दुसऱ्याने मला ऐकवले, की त्याचा दगड होतो. पौलाने आपल्या शरीरातील काट्याविषयी लिहिले ते स्वतःच्या काट्याविषयी. दुसऱ्याच्या काट्याचे गुणगान त्याने केले नाही.

आल्बेर काम्यू हा काही श्रद्धावंत लेखक नव्हे. पण त्याच्या ‘द प्लेग’ (१९४७) या कादंबरीत पानलू नावाचा एक धर्मगुरू आहे. साथ सुरू झाल्यावर पहिल्या प्रवचनात तो नगरवासीयांना बजावतो, की ही आपत्ती तुमच्यावर आली आणि ती तुमच्या लायकीचीच आहे. पुढे तो साथीत स्वयंसेवक म्हणून काम करू लागतो आणि एका लहान मुलाला तडफडत मरताना डोळ्यांनी पाहतो. त्यानंतरच्या दुसऱ्या प्रवचनात तो ‘तुम्ही’ म्हणत नाही; ‘आपण’ म्हणतो. एवढाच फरक. पण मला वाटते, दुःखाविषयी बोलण्याचा अधिकार कुणाला, याचे उत्तर ‘तुम्ही’ आणि ‘आपण’ यांमधल्या या अंतरात आहे.

वधस्तंभाकडे मी आज पाहते ते याच दृष्टीने. वधस्तंभाचाही दुरुपयोग होतो, हे कबूल केले पाहिजे. नवऱ्याचा मार खाणाऱ्या बाईला ‘तुझा वधस्तंभ वाहा’ म्हणून परत सासरी पाठवणारे लोक आमच्यात आहेत. त्यांनी एवढे आठवावे, की येशूने एकाही रोग्याला ‘सोशीत राहा’ असे सांगितले नाही. समोर आलेल्याला बरे केले. लाजर मेला तेव्हा त्याच्या बहिणींना त्याने तत्त्वज्ञान सांगून गप्प केले नाही, तो रडला. आणि वधस्तंभावर त्याने स्वतः जो टाहो फोडला, तो बाविसाव्या स्तोत्राच्या आरंभीचा, देवाने सोडून दिल्याचा आहे. ‘का?’ हा प्रश्न विचारणे म्हणजे अश्रद्धा, असे मानले, तर मग ख्रिस्तच पहिला अश्रद्ध ठरेल! ज्याला हा प्रश्न पडला आणि ज्याला त्या क्षणी उत्तर मिळाले नाही, त्याच्यापुढेच आम्ही गुडघे टेकतो. माझ्या श्रद्धेचा आधार एवढाच आहे, पण तो मला पुरतो.

माझी एक मैत्रीण मला म्हणाली, “असा देव काय कामाचा? नुसता बरोबर बसून रडणारा!” तिचा प्रश्न खरा आहे आणि मी तो झटकणार नाही. ख्रिस्ती माणूस यावर पुनरुत्थानाकडे बोट दाखवील, मीही दाखवते. पण तेथेही एक गोष्ट माझे लक्ष वेधून घेते. उठलेल्या ख्रिस्ताच्या हातांवर खिळ्यांचे वण तसेच होते. थोमाने त्याला ओळखले ते त्या वणांवरून. म्हणजे आमची आशासुद्धा झालेले दुःख पुसून टाकीत नाही, ते झालेच नाही असे म्हणत नाही. वण राहतात, पण शेवटचा शब्द त्यांचा नसतो. हे मी सिद्ध करू शकत नाही. यावर विसंबून चालता येते, एवढे मात्र पाहिले आहे.

ते कुठे पाहिले, ते सांगून हा लेख संपवते. वडील गेल्यानंतर आई आठ महिने उपासनेला गेली नाही. मी आग्रह केला नाही. देवाशी तिचे भांडण होते आणि ते तिचे तिलाच मिटवायचे होते. नाताळच्या आदल्या रविवारी ती उठली, पातळ बदलले आणि काही न बोलता चालू लागली. ‘देवाची योजना’ हे शब्द मी तिच्या तोंडून आजवर ऐकलेले नाहीत. पण आमच्या वस्तीत कुणाच्याही घरी मयत झाली, मग ते घर कुठल्याही धर्माचे असो, आई डब्यात पिठले-भाकरी घेऊन जाते. एका कोपऱ्यात जमिनीवर बसते. पोरांना जवळ घेऊन खाऊ घालते आणि भांडी घासून परत येते. गेल्या वर्षी शेजारच्या आजी गेल्या, तेव्हाही ती अशीच जाऊन बसली होती. मी एकदा विचारले, “आई, तू त्यांना काय सांगतेस?” ती म्हणाली, “काय सांगायचं? आपल्याला कुणी काय सांगितलं ते मला आठवत नाही. कोण आलं होतं, तेवढं आठवतं.”

त्या चार तरुणांविषयी मी तिला सांगितले आहे. रोज रात्रीच्या प्रार्थनेत, नावे ठाऊक नसलेल्या त्या चौघांसाठी ती अजून एक वाक्य म्हणते.